निर्माल्यातली डिस्क

८ सप्टेंबर, सोमवार

आज रुजू झालो. रुजू झालो म्हणण्यापेक्षा उतरलो म्हणावं, गटारात उतरतात तसा.

पुण्यात आमच्या डेटा सेंटरमध्ये आत जायचं तर बूट बाहेर काढावे लागत. आत धुळीचा कण दिसला तर साहेब जाब विचारत. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात मी गेलो, आणि आता गोंदियात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ‘कॉम्प्युटर इनचार्ज’ झालो आहे. भाग्यश्रीची नोकरी पुण्यात, म्हणून ती तिकडेच राहिली. निघताना म्हणाली, “तुझाच जिल्हा आहे, माणसांत राहशील तर बरं वाटेल.”

माणसं कसली? मॅनेजर ओमेश कटरे मला मशीनखोली दाखवायला घेऊन गेले. खोली शौचालयाला लागून. चपला-बुटांचा चिखल थेट रॅकपर्यंत. एसीचं पाणी खाली बादलीत टपकतं, बादलीत डास. रॅकवर पालीच्या लेंड्या. आणि कोपऱ्यात खर्ऱ्याच्या, म्हणजे इकडच्या तंबाखू-सुपारीच्या, पिचकाऱ्यांचा थर, नवा आणि जुना. मी त्याच्याकडे बघत असताना कटरे म्हणाले, “एसी भी है, देखो,” आणि त्याच कोपऱ्यात थुंकले.

दुपारी डबा खाल्ला नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

खोलीतलं मुख्य धन म्हणजे एक खोकं. त्यात आठ डिस्क ओळीनं बसवलेल्या. हॉस्पिटल निघाल्यापासूनचे सगळे स्कॅन त्यात आहेत. यातली एक डिस्क मेली तर उरलेल्या सात मिळून तिची उणीव भरून काढतात. दोन गेल्या की सगळं गेलं. इतकं सोपं आहे हे, शाळेतल्या पोरालाही कळेल.

एक डिस्क मेलेली निघाली. तिचा लाल दिवा कधीपासून लागलाय कुणाला माहीत नाही. एक डिस्क मेली की खोकं कर्कश ओरडतं, ते का ऐकू येत नाही म्हणून मागं पाहिलं, तर भोंग्याच्या भोकात कापूस कोंबून वर जखमेला लावतात ती चिकटपट्टी मारलेली.

“कुणी केलं हे?”

स्कॅन काढणारी दामिनी म्हणाली, “सर, लय बोंबलत होता तो. पेशंटचं डोकं दुखत होतं.”

कटरेंना सांगितलं, नवी डिस्क मागवा. “अरे बिसेनजी, सात चालू हायेत ना? टेन्शन कायले घेता?” अर्धा तास डोकेफोड केली तेव्हा सही केली. पेन परत घेताना चिकट लागलं. तीन वेळा हात धुतले.

१५ सप्टेंबर, सोमवार

नवी डिस्क आली. मेलेली काढली, नवी बसवली. आता बाकीच्या सातांवरून हिची भरणी होते आहे. उद्यापर्यंत होईल.

डिस्क कशी ओढून काढायची ते दामिनीला आणि झाडझूड करणाऱ्या सुशिलाबाईला दाखवलं. खटका दाबला की मूठ बाहेर येते, मूठ ओढली की डिस्क हातात. मी सुट्टीवर असताना काही झालं तर फोनवर सांगून काम करून घेता यावं म्हणून. सुशिलाबाईच्या गालात खर्ऱ्याची गोळी होती. तिचा वास माझ्या तोंडापर्यंत येत होता.

जुनी डिस्क खोक्याच्या माथ्यावर ठेवली. तिथं धुळीचा असा थर की बोट लावायची इच्छा होईना. म्हणून पेनाच्या टोपणानंच डिस्कवरच्या धुळीत फुली मारून ठेवली.

“हे कायले ठेवलं जी?” सुशिलाबाई.

“मेली आहे ती. राहू दे.”

मग माझं डोकं फिरलंच. म्हटलं, लाज वाटत नाही का तुम्हाला? घरी देव ठेवता ना? त्याच्यासमोर थुंकता? चिखलाच्या पायानं जाता? तो धूळ खात बसतो? या खोक्यात हजारो माणसांची डोकी आणि छात्या आहेत. यापुढे याला देवासारखं ठेवायचं, समजलं?

दोघी खाली मान घालून उभ्या राहिल्या. सुशिलाबाई म्हणाली, “समजलं जी.” कसलं समजतंय. गाढवापुढे वाचली गीता.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

भरणी झाली, आठही दिवे हिरवे. आता एखादी डिस्क जागची हलली तरी माझ्या मोबाईलवर संदेश येईल अशी व्यवस्था केली. हे एवढं तरी माझ्या हातात आहे.

खोक्यातला साठा दर आठवड्याला एका वेगळ्या डिस्कवर उतरवायचा असतो. ती कुठे आहे? रिसेप्शनवरच्या विक्कीकडे. ती लावून पाहिली, तर त्यात एकही स्कॅन नाही, सगळे दक्षिणेचे डब केलेले सिनेमे. विक्की म्हणतो, “रिकामीच पडली होती, सर.” ती पुसून घेतली, पण साठ्याच्या मानानं ती फारच लहान आहे. मोठीची मागणी केली आहे. कटरे म्हणाले, दिवाळीनंतर.

आणि हॉस्पिटलचा व्हॉट्सॲप ग्रुप. सकाळी सहापासून गुलाबाची फुलं, देव, वाफाळता चहा, मध्येच कुणाच्या तरी कापलेल्या पित्ताशयाचा फोटो. सगळ्याचा आवाज बंद केला. आता उघडूनही बघत नाही. सुख आहे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

हॉस्पिटलच्या मागे एक बोडी आहे. लहानपणी आमच्या गावच्या बोडीत आम्ही पोहायचो, तळ दिसायचा. हिच्यात तळ सोडाच, पाणीच दिसत नाही. लोक घरचं निर्माल्य आणतात, कॅरीबॅगमध्ये भरून गच्च गाठ मारतात, नमस्कार करतात आणि फेकतात. देवाची फुलं प्लास्टिकमध्ये कुजत राहतात. यांना यात पुण्य दिसतं. खिडकी उघडली की तो वास आत येतो. नगरपालिकेला अर्ज लिहायला घेतला आहे.

२९ सप्टेंबर, सोमवार

आज चिचगडहून एक जोडपं आलं होतं. टेकचंद आणि त्याची बायको रेणू. रेणू तिशीची असेल. डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करते. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे डोक्याचा स्कॅन झाला, तेव्हा लहानशी गाठ दिसली होती. आता पुन्हा डोकं दुखायला लागलं म्हणून नागपूरला गेले, नवा स्कॅन झाला. तिथले डॉक्टर म्हणतात, जुना आणा. गाठ तेवढीच असेल तर हात लावायचा नाही, वाढली असेल तर डोकं उघडायचं. जुना मिळालाच नाही तर थांबणं धोक्याचं, उघडायचंच. सात तारखेला बोलावलं आहे.

“फिलम होती जी आमच्यापाशी,” टेकचंद म्हणाला. “कुडाच्या भितीले टांगून ठेवली होती. पान्यानं ओल आली अन् चिकटून गेली. सोडवाले गेलो तं सारा काळा रंग निघाला.”

दामिनीनं खोक्यातून स्कॅन शोधला. आहे, अगदी स्वच्छ. पण द्यायचा कशावर? कोऱ्या सीडी संपलेल्या. टेकचंदनं शर्टाच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढला. खर्ऱ्याच्या पुडीबरोबर ठेवलेला, सुपारीचा चुरा टोकात शिरलेला, वर गाण्यांच्या दुकानाचं नाव. किती मशीनचे रोग त्यात असतील देव जाणे. माझ्या मशीनला हे लागणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. सीडी मागवल्या आहेत, दसऱ्यानंतर या.

“दूर हाये जी चिचगड,” रेणू पहिल्यांदाच बोलली.

मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. दामिनी काहीतरी म्हणणार होती, तेवढ्यात तिला पुढच्या पेशंटची हाक आली. बरं झालं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

गावी. बोदलकशाच्या तलावाच्या बाजूला, आईकडे. हॉस्पिटलात दसऱ्याला मशिनींची पूजा असते, थांबा म्हणून कटरेंनी फार आग्रह केला. नारळाचं पाणी, तेल, उदबत्तीची राख, आणि सगळ्यांचे हात पेढ्यांनी बरबटलेले. नको.

सकाळपासून फोनवर आपट्याच्या पानांचा नुसता पाऊस. एकाच पानाचा फोटो चाळीस जणांकडून. शेवटी फोन बंद करून उतरंडीवर ठेवला आणि तळ्याकाठी जाऊन बसलो. इथलं पाणी अजून पाण्यासारखं आहे. आई म्हणाली, चेहरा कसा झालाय तुझा, सारखा काही नासल्याचा वास आल्यासारखा.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पानाला भोक पडेल इतकं दाबून लिहितो आहे. रागानं.

सकाळी फोन चालू केला आणि संदेशांची रांग लागली. पहिली डिस्क निघाली. दुसरी निघाली. साठा बंद. तिसरी, चौथी, सगळ्या. मोटरसायकल काढून थेट हॉस्पिटल गाठलं.

खोली ओळखू येईना. फरशी धुतलेली. कोपऱ्यातला खर्ऱ्याचा थर खरवडून काढलेला. दाराला झेंडूचं तोरण. खोक्याला हार. आणि आठही डिस्कांच्या तोंडावर हळदीकुंकवाची बोटं.

यांनी चालू खोक्यातून एकेक डिस्क ओढून काढली. ओल्या फडक्यानं पुसली. चादरीवर ओळीनं मांडली, ओवाळली, नारळ फोडला आणि सगळ्या परत आत सारल्या, जिथे जागा दिसली तिथे.

दोन तास बसून हिशेब लावला. जागा बदलल्या त्याचं काही नाही, प्रत्येक डिस्कला आपली जागा आठवते. पण एक डिस्क पाणी जाऊन ठार. आणि दुसरी नाहीच. तिच्या जागी ती माथ्यावरची जुनी, मेलेली डिस्क बसवली आहे. सात हव्यात, धड सहाच आहेत. म्हणजे दहा वर्षांचे स्कॅन गेले. रेणूचाही.

दामिनीला विचारलं, काय करून ठेवलंत हे? ती रडायला लागली. म्हणाली, “सर, मी ग्रुपवर इचारलं होतं तुमाले.” ग्रुप उघडला. दोन दिवसांपूर्वीचा तिचा संदेश, गुलाबाच्या दोन फुलांच्या मधोमध: ‘योगराज सर तुम्ही म्हणाले तसं खोक्याला देवासारखं ठेवत आहे. डिस्क बाहेर काढून पुसल्या तर चालेल ना? नाही म्हटलं नाही तर उद्या करतो.’

गुलाबाच्या फुलांत कामाचं कुणी विचारतं का? कोण वाचणार ते? या लोकांना काय बोलावं तेच कळत नाही. शिसारी आली आहे मला.

रात्री भाग्यश्रीला सगळं सांगितलं. तिनं ग्रुपवरचा तो संदेश पुन्हा वाचून दाखवायला लावला. मग म्हणाली, “म्हणजे त्यांनी तुझं ऐकलं.” तिलाही काही समजत नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

टेकचंदचा फोन. “सीडी आल्या का जी? रविवारी निंगाव म्हनतो.”

सोमवारी या म्हटलं. खरं सांगायला तोंड उघडेना. बाजूला रेणूचा आवाज आला, ती विचारत होती, भेटला का? तो तिला म्हणाला, “भेटला भेटला, साहेबापाशीच हाये.”

नाहीशी झालेली डिस्क कुठे गेली, एकाही शहाण्याला ठाऊक नाही. कटरे म्हणाले, “भंगारमध्ये देखा क्या?” विक्कीनं कपाटं उपसली. शेवटी सुशिलाबाई आली. ती सकाळपासून बोडीकडच्या पायरीवर बसून होती.

“ते म्या शिरवली जी.”

शिरवली. म्हणजे पाण्यात सोडली.

“नऊ झाल्या, खाने आठ. तुमी म्हनले होते ना, एक मेली हाये. पुसल्यावर साऱ्या सारख्याच दिसल्या, फुली काई दिसली नाई. जे उरली ते मेलेली, असं वाटलं. कुंकू लागलेलं कचऱ्यात कसं टाकाव जी? निर्माल्यासंगं बोडीत सोडली.”

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. ती मात्र एकदाही माझ्यावर आवाज चढवून बोलली नाही. नुसती म्हणाली, “चाला, जागा दाखवतो.”

पण अंधारून आलं होतं. बोडीच्या काठावर नवरात्राच्या घटांचा ढीग, आणि त्याच्या पलीकडे शेकडो पिशव्या. पाण्यात दोन दिवस पडलेली डिस्क. काही अर्थ नाही. पाणी आत गेलं की संपलं.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी गेलो. सुशिलाबाई आधीच आलेली. लुगडं खोचून मांडीभर गाळात उतरली होती.

मी काठावर नाकाला रुमाल लावून उभा. ती एकेक पिशवी वर फेकायची आणि मी उघडून बघायचो. कुजलेल्या झेंडूला जो वास असतो तो मी शब्दांत सांगू शकत नाही. एका पिशवीत तडा गेलेल्या काचेतले देव. एकीत कुणाच्या दहाव्याचे केस. एकीत बाळाचा मळलेला लंगोट, तो कुणी कशाला देवाच्या फुलांत बांधला असेल? तिथेच ओकलो. सुशिलाबाईनं मागे वळून पाहिलं आणि पुन्हा खाली वाकली.

उन्हं वर आली तरी तिचं चालूच होतं. तिला खोकला लागला. दामिनी आली, तीही चप्पल काढून उतरली. मग मीही उतरलो. कुणी उतर म्हणालं नव्हतं. पायाखाली मऊ काहीतरी सरकत होतं. पॅन्टच्या आत पाणी शिरलं. हात खांद्यापर्यंत गाळात घालून चाचपायचं, कठीण लागलं की ओढायचं. नारळ. पुन्हा नारळ. विटेचा तुकडा.

मग एक चौकोनी वजन हाताला लागलं. काळी कॅरीबॅग, तिच्या आत नवी डिस्क आली होती ती चंदेरी पिशवी. वर इतकी घट्ट गाठ की ओल्या बोटांनी सुटेना. दातांनी सोडवली. तेव्हा काही सुचलंच नाही.

आत डिस्क. झेंडूच्या पाकळ्या, अक्षता, कुंकू. आणि थेंबभरही पाणी नाही.

सुशिलाबाईनं हात धुवायला बाटली पुढे केली. “म्या दोन गाठी मारल्या होत्या,” म्हणाली.

घरी येऊन साबण संपेपर्यंत आंघोळ केली. तोंडातली चव अजून जात नाही. आणि अजूनही माझं हेच मत आहे की प्लास्टिकमध्ये बांधून निर्माल्य फेकणं ही अत्यंत घाणेरडी सवय आहे. नगरपालिकेचा अर्ज तयारच आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

डिस्क आत सारली. दिवा पिवळा झाला, विझला, पुन्हा पिवळा झाला. माझ्यामागे सगळे उभे होते, कटरेसुद्धा, गालात काही नसताना. मग हिरवा झाला. सात दिवे हिरवे. साठा उघडला.

सगळ्यात आधी रेणूचा स्कॅन. सीडी आजही आलेल्या नाहीत. टेकचंद दारात उभा, दोघं पहाटेच्या गाडीनं निघालेले. मी हात पुढे केला, “तुमचा तो पेन ड्राइव्ह द्या.” त्यानं खिशातून काढला, आधी शर्टाला पुसला आणि मग दिला. मी तो तसाच लावला. दोनदा उतरवून घेतला, एकदा त्यावर आणि एकदा माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर.

रेणू खोक्याकडे बघत होती. “याच्यात मी हावो का जी?” असं तिनं दामिनीला विचारलं. दामिनी हो म्हणाली. रेणूनं दारातूनच हात जोडले. मला ते आवडलं नाही, पण गाडीची वेळ होत होती.

९ ऑक्टोबर, गुरुवार

नागपूरहून काही कळलं नाही. टेकचंदला दोनदा फोन केला, लागला नाही. माझं काय त्यात? पण दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. ठार झालेल्या डिस्कच्या जागी मागवलेली नवी खोक्यात भरते आहे, तेच बघत बसलो. ग्रुपचा आवाज चालू केला. नुसती फुलंच आहेत.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पहाटे पाऊस झाला, आवारात चिखल. हॉस्पिटलच्या फाटकातच टेकचंदचा फोन आला.

“तेवढीच हाये जी. डाक्टरनं दोनी फोटो जवळ जवळ लावून दाखवले. तीन वर्सांत काईच वाढली नाई. डोक्स्याले हात नाई लावत म्हनले. गोळ्या देल्या, चष्मा देला.” मग फोन रेणूनं घेतला. “चष्मा लागला जी मले,” ती म्हणाली. मागून बसचा कंडक्टर ओरडत होता.

दामिनीला सांगायला मशीनखोलीकडे धावलो, तर दारात चपलांचा हा ढीग. दसऱ्यापासून हे नवं खूळ. आत देव आहे म्हणून जो तो चप्पल काढून जातो. कटरे थुंकायला बाहेर जातात. आत फरशी आरशासारखी, पण दारात पाय ठेवायला जागा नाही. बाटाच्या, रबरी, तुटक्या अंगठ्याच्या, सगळ्यांचा वास. मी त्या तुडवून तसाच आत जायला निघालो.

सुशिलाबाई ओलं फडकं घेऊन दारात बसली होती. तिनं हात आडवा केला.

“जोडे काढा जी.”

माझ्या बुटांना घोट्यापर्यंत चिखल लागला होता. मी ते काढले आणि त्या ढिगात तिच्या रबरी चपलेशेजारी ठेवले. मग तिला सांगितलं, रेणूची गाठ तेवढीच आहे. तिनं फडकं खाली ठेवलं, पदरानं डोळे पुसले, आणि बसल्या जागेवरून थोडी सरकून मला आत जायला वाट दिली.